भाग ७ : मीटर म्हणतं ठीक आहे, मग निरूपण ऐकू का येत नाही?

जबलपूरहून मी पुन्हा तुमच्यासमोर. मागच्या भागात आपण माईक कुठे ठेवायचा ते पाहिलं. आज रेकॉर्डिंग झाल्यानंतरची गोष्ट. फाईल कॉम्प्युटरवर आली, ऑडॅसिटीत उघडली, निळी लाट दिसली. आता हा आवाज 'किती मोठा' आहे, हे सॉफ्टवेअर कसं ठरवतं?

प्रश्न सोपा वाटतो, पण याच प्रश्नावर जगभरच्या प्रसारण संस्थांनी कित्येक वर्षं डोकं घातलं आहे. आपल्यासारख्या घरगुती लोकांचंही काम इथेच अडतं. म्हणून आज थोडं गणित करू. घाबरू नका, शाळेतल्या सरासरीपलीकडे काही नाही.

आधी एक घोळ मिटवू

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा : "सर, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये ७० डेसिबल दाखवतं आणि ऑडॅसिटीत उणे १८. खरं कुठलं?"

दोन्ही खरी. पण ती दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

मोबाईलचं अ‍ॅप खोलीतल्या हवेचा दाब मोजतं, निदान तसा प्रयत्न करतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती याच जातीची. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या मध्य प्रदेशात मर्यादेबाहेरच्या भोंग्यांवर कारवाईचा आदेश निघाला, तोही हवेतल्या आवाजाबद्दल. इथे शून्य म्हणजे माणसाला जेमतेम ऐकू येईल इतका आवाज, आणि तिथून वर मोजायचं.

फाईलमध्ये हवा नसते, आकडे असतात. साध्या १६ बिटच्या फाईलमध्ये प्रत्येक नमुना उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या मधला एक आकडा असतो. व्हिडिओच्या ऑडिओत असे ४८,००० आकडे दर सेकंदाला येतात. त्यापेक्षा मोठा आकडा लिहायला जागाच नाही. म्हणून इथे शून्य हे छत आहे आणि मोजायचं ते छतापासून खाली. त्याला डीबीएफएस म्हणतात. आकडा निम्मा झाला की ६ डीबी खाली, पुन्हा निम्मा झाला की आणखी ६ खाली.

तेव्हा फाईल उणे १८ असली तरी घरात ती किती मोठी वाजेल, हे फाईलला माहीत नसतं. ते तुमच्या स्पीकरचं बटण ठरवतं. फाईलच्या आत आपण फक्त एवढंच विचारू शकतो : या फाईलचा हा भाग त्या भागापेक्षा मोठा की बारीक, आणि ही फाईल त्या फाईलपेक्षा मोठी की बारीक.

पहिली पद्धत : सर्वात उंच टोक

सॉफ्टवेअरला सगळ्यात सोपं काय, तर सगळे आकडे पाहून सर्वात मोठा शोधणं. हे पीक. 'नॉर्मलाइझ'चं बटण दाबलं की बहुतेक सॉफ्टवेअर हेच करतात. सर्वात उंच टोक छताजवळ नेतात आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात वर उचलतात.

यात गोची काय आहे, ते सांगायला जबलपूरसारखं गाव नाही. आमच्याकडे खमरियाला लाँग प्रूफ रेंज आहे. तिथे तोफांची आणि दारूगोळ्याची चाचणी होते. गोळा सुटल्याचा आवाज क्षणाचा, पण टोक प्रचंड. दुसरीकडे भेडाघाटचा धुआंधार. नर्मदा तिथे अखंड कोसळते. टोक तोफेइतकं नाही, पण कठड्याशी उभे राहिलात तर शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही.

आता दोन्ही रेकॉर्डिंगची टोकं समान करा. तोफेच्या फाईलमध्ये एक ठक्क आणि बाकी शांतता. धुआंधारच्या फाईलमध्ये पूर्ण वेळ गर्जना. पीक मीटर म्हणेल, दोन्ही सारख्या. तुमचा कान म्हणेल, छे!

म्हणजे टोक पाहून फाईल फुटते आहे की नाही, छताला डोकं आपटतं आहे की नाही, एवढंच कळतं. आवाज किती मोठा वाटतो, ते कळत नाही.

आणि फुटण्याबद्दलही ते नेहमी खरं सांगत नाही. नमुने म्हणजे लाटेवरचे ठिपके. लाटेचं खरं शिखर दोन ठिपक्यांच्या मध्ये असू शकतं. ४८,००० नमुन्यांच्या फाईलमध्ये १२,००० हर्ट्झचा सूर सोयीच्या जागी पडला, तर सगळे ठिपके खऱ्या शिखरापेक्षा ३ डीबी खाली राहतात. म्हणून चांगली मीटरं मधले ठिपके गणिताने भरतात, साधारण चौपट, आणि मग टोक शोधतात. त्याला ट्रू पीक म्हणतात. फाईल छतापासून निदान १ डीबी खाली ठेवा असं मी दर वेळी सांगतो, ते यासाठी.

दुसरी पद्धत : सरासरी

मग सरासरी काढू. पण आकडे शून्याच्या वरही असतात आणि खालीही, त्यामुळे साधी सरासरी जवळपास शून्यच येते. म्हणून प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. हे आरएमएस. यात धुआंधार तोफेच्या कितीतरी वर जातो. कानाच्या जवळ आलो.

तरी दोन अडचणी उरतात.

पहिली, कान सगळ्या सुरांना सारखं वागवत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. खालचे घुमणारे सूर कानाला कमी ऐकू येतात, मधले आणि त्यांच्या थोडे वरचे जास्त. पंख्याची घरघर आरएमएसमध्ये भरपूर भर घालते, पण कानावर तिचा प्रभाव कमी.

दुसरी, शांतता. कथा सांगणारा माणूस थांबतो, श्वास घेतो, श्रोत्यांकडे पाहतो. समजा बोलणं उणे २० वर आहे आणि अर्धा वेळ तो गप्प आहे. सरासरी उणे २३ येईल. बोलणं तेवढंच मोठं, पण थांबे जास्त म्हणून मीटर त्याला बारीक ठरवणार. हा अन्याय झाला.

तिसरी पद्धत : कानासारखं मोजणं

या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणजे आजची जागतिक पद्धत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली बीएस १७७० नावाची शिफारस काढली. तिच्यामागे कॅनडातल्या ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये झालेल्या ऐकण्याच्या चाचण्या होत्या. माणसांना वेगवेगळे तुकडे ऐकवायचे, 'हे दोन्ही सारखे मोठे वाटेपर्यंत बटण फिरवा' म्हणायचं, आणि मग कुठलं गणित माणसांच्या उत्तराच्या सर्वात जवळ जातं ते पाहायचं. जिंकलं ते बऱ्यापैकी साधं गणित.

त्याच्या पायऱ्या अशा.

एक, फाईल आधी एका गाळणीतून काढायची. ती खालची घरघर कापते आणि साधारण २,००० हर्ट्झच्या वरचा भाग सुमारे ४ डीबीने उचलते. हिला के वेटिंग म्हणतात. गाळणी फक्त मोजण्यासाठी असते, तुमच्या फाईलला हात लागत नाही.

दोन, गाळलेल्या आवाजाचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यानंतर १०० मिलिसेकंदांनी सुरू होतो, म्हणजे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. तासाभराच्या फाईलचे सुमारे ३६,००० तुकडे होतात. प्रत्येकाची वर्गांची सरासरी काढायची आणि डावा-उजवा मिळवायचा.

तीन, चाळणी. उणे ७० च्या खालचे तुकडे सरळ बाहेर, ती शांतता आहे. उरलेल्यांची सरासरी काढायची. मग त्या सरासरीपेक्षा १० ने खाली असलेले तुकडेही बाहेर. शेवटी राहिले त्यांची पुन्हा सरासरी. हा अंतिम आकडा एलयूएफएसमध्ये लिहितात. काही ठिकाणी एलकेएफएस लिहितात, माप एकच. नुसता फरक सांगायचा असेल तर एलयू, आणि १ एलयू म्हणजे १ डीबीच.

आपल्या कथाकारावर हे लावून पाहा. बोलणं उणे २०, थांब्यांत मागे बारीक तंबोरा उणे ४५. पहिली सरासरी उणे २३. चाळणी लागते उणे ३३ ला. तंबोऱ्याचे तुकडे गळतात, उत्तर येतं उणे २०. न्याय मिळाला!

युरोपातल्या प्रसारण संघटनेने २०१० मध्ये आर १२८ नावाने टीव्हीसाठी उणे २३ हे लक्ष्य ठरवलं. अमेरिकेत उणे २४. तिथे जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या नकोत म्हणून २०१० मध्ये कायदाच झाला. आपल्याकडेही १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं कलम आहे, पण त्या कलमात आकडा नाही. आकड्याशिवाय 'अवाजवी' कुणी ठरवायचं? मोजमापाची गरज पडते ती इथे.

यूट्यूबवर लक्ष्य साधारण उणे १४ च्या आसपास आहे. व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथे 'कंटेंट लाउडनेस' समोर ४.१ असेल, तर तुमचा आवाज यूट्यूबच्या पातळीपेक्षा ४.१ डीबी मोठा आहे आणि तो खाली आणून सुमारे ६२ टक्क्यांवर वाजवला जातोय. उणे आकडा असेल तर व्हिडिओ बारीक आहे, आणि यूट्यूब त्याला वर उचलत नाही. हे नीट लक्षात ठेवा. मोठ्याला खाली आणतात, बारीक तसाच राहतो.

आता खरी गोष्ट : कीर्तन

इथपर्यंत सगळं पुस्तकातलं. आता आपल्या घरातलं.

जबलपुरात मराठी माणूस जुना. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांताची राजधानीही १९५६ पर्यंत नागपूरच होती. कचेऱ्या, रेल्वे, तोफांचे कारखाने यांच्यामागे पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबं इथे आली आणि राहिली. आता नातवंडं पुण्याला, बंगळूरला. घरात आपसात बोलतानाही निम्मी हिंदी. अशा गावात वर्षातून दोन-चार वेळा नारदीय कीर्तन होतं, तेव्हा सलग दीड तास नीट मराठी कानावर पडण्याची ती एक जागा उरलेली असते. जे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी कुणीतरी रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकतं.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. मला म्हणाल्या, "अरे, भजन आलं की मोबाईल बारीक करावा लागतो. मग बुवा बोलायला लागतात, ते ऐकूच येत नाही. मोठा करेपर्यंत निम्मं निरूपण निघून जातं. मी आता नुसतं भजन ऐकते आणि बंद करते."

ज्यांनी फाईल चढवली त्यांना मी विचारलं. त्यांनी काम मनापासून केलं होतं. मीटर लावलं होतं, आकडा बरोबर उणे १४ होता. मग बिघडलं काय?

सोपे आकडे घेऊन पाहू. समजा अर्धा वेळ भजन आहे : पेटी, तबला, झांज, सगळे मिळून गातात, पातळी उणे १४. अर्धा वेळ निरूपण : एकटे बुवा, माईकपासून हातभर लांब, पातळी उणे २८. पहिली सरासरी काढा. उणे २१ येईल असं वाटतं ना? नाही. ही सरासरी डेसिबलची नसते, ऊर्जेची असते. १४ डीबीचा फरक म्हणजे भजनात निरूपणाच्या सुमारे २५ पट ऊर्जा. त्यामुळे सरासरी येते जवळपास उणे १७. चाळणी त्याच्या १० खाली, म्हणजे उणे २७ ला.

आणि निरूपण आहे उणे २८ वर.

कळलं का काय झालं? ज्या चाळणीने कथाकाराच्या थांब्यांमधला तंबोरा गाळला, तिनेच इथे बुवांचं अख्खं निरूपण गाळलं. मीटरच्या हिशेबात कीर्तन म्हणजे फक्त भजन. म्हणून उत्तर आलं चोख उणे १४. मीटर खोटं बोललं नाही. नियमाप्रमाणे त्याने बारीक भागाला पार्श्वभूमी समजलं. शब्द कुठले आणि पार्श्वभूमी कुठली, हे त्याला कळत नाही. ते फक्त ऊर्जा पाहतं.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये निरूपणही वरखाली होतं, काही वाक्यं चाळणीवर टिकतात. पण रोख हाच राहतो : मोठ्या भागाचं पारडं जड होतं आणि बोलणं मोजणीतून निसटतं. मोठ्या कंपन्यांनाही ही अडचण माहीत आहे. नेटफ्लिक्स म्हणूनच पूर्ण आवाजाऐवजी संवादांची पातळी मोजायला सांगतं, उणे २७, दोन एलयू इकडेतिकडे. पात्रांचं बोलणं आधी ऐकू आलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. आपल्या कीर्तनालाही तोच लावायचा.

मग करायचं काय?

पहिलं, पूर्ण फाईलचा एकच आकडा पाहून खूश होऊ नका. निरूपणाचा एखादा दोन-तीन मिनिटांचा तुकडा वेगळा निवडा आणि मोजा. भजनाचा एक तुकडा वेगळा मोजा. युलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती पुरते. एफएफएमपेग वापरणाऱ्यांसाठी त्यात ईबीयू आर १२८ चा फिल्टर आहेच. दोघांत ६-७ एलयूपेक्षा जास्त अंतर असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना त्रास होणार, असं मी धरून चालतो. हा कुठला नियम नाही, माझा अनुभव आहे.

दुसरं, निरूपणाचे भाग निवडून ते आधी उचला. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' निवडलेल्या भागावरही चालतं. आपल्या उदाहरणात उणे २८ वरून उणे १८, म्हणजे १० डीबी वर. त्याआधी टोक पाहा. निरूपणात टोक उणे १२ असेल तर ते उणे २ वर येईल, चालेल. पण बुवांनी मध्येच झांज वाजवली असेल आणि टोक उणे ३ असेल, तर ते छत फोडून ७ डीबी वर जाईल. तेवढा ठोका आधी हाताने खाली आणा किंवा लिमिटर लावा.

तिसरं, १० डीबी उचललंत म्हणजे मागचा पंखाही १० डीबी उचलला गेला. उचलण्याआधी ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. बोलण्याचं विशेष काही जात नाही, घरघर बरीच जाते.

चौथं, भजन २ डीबीने खाली, उणे १६ वर आणा. सांधे अचानक नकोत. निरूपणातून भजनात जाताना दोन-तीन सेकंदांत हळूहळू बदल करा.

पाचवं, मोनो फाईल असेल तर सावध राहा. मीटर डावा-उजवा मिळवतं. एकच आवाज एका वाहिनीत मोजला तर दोन वाहिन्यांतल्यापेक्षा ३ एलयू कमी दिसतो, पण घरी तो दोन्ही स्पीकरमधून वाजतो. ऑडॅसिटीत मोनोला दुहेरी मोनो समजण्याची खूण असते, ती असू द्या.

आता पुन्हा मोजा. भजन उणे १६, निरूपण उणे १८, दोन्ही चाळणीच्या वर. एकूण आकडा येतो उणे १७ च्या जवळपास.

गंमत पाहा. आधी फाईल उणे १४ होती, आता उणे १७. मीटरच्या मते तुम्ही ती ३ एलयूने बारीक केलीत. प्रत्यक्षात बुवांचं बोलणं १० डीबी वर आलं, म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठं वाटावं इतकं. यूट्यूब ही फाईल वर उचलणार नाही, ती उणे १७ वरच वाजेल. वाजू दे. ऐकणारा एकदा बटण थोडं मोठं करेल आणि मग दीड तास हात लावणार नाही. आपल्याला तेच हवं होतं.

त्या फाईलवर हेच केलं आणि ती पुन्हा चढवली. काकूंचा फोन आला. आवाजाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. पूर्वरंगातला एक मुद्दा त्यांना पटला नव्हता, त्यावर त्या वीस मिनिटं माझ्याशी वाद घालत होत्या.

थोडक्यात

टोक पाहायचं ते आवाज फुटू नये म्हणून. एलयूएफएस पाहायचं ते इतर व्हिडिओंच्या जोडीला बसावं म्हणून. आणि बोलण्याचा तुकडा वेगळा मोजायचा, तो शब्द पोहोचावेत म्हणून. तिन्हींची कामं वेगळी आहेत, एकाकडून दुसऱ्याचं काम करून घेऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्याकडचं कुठलंही कीर्तन, व्याख्यान किंवा घरगुती सत्यनारायणाचं रेकॉर्डिंग घ्या. त्याचे तीन आकडे काढा : पूर्ण फाईल, फक्त बोलणं, फक्त गाणं. मला लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातलीच काही उदाहरणं घेऊन कॉम्प्रेसर कसा लावायचा ते पाहू, आणि कुठे अजिबात लावायचा नाही, तेही.